जिन्यावरची सून

माझा आवाज बसला तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. कोणी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं. मुलगा मंजू सकाळी निवांत पेपर वाचायला लागला. वरच्या मजल्यांवर भाड्याने राहणाऱ्या नोकरीवाल्या पोरी पाण्याची मोटर लावून खुशाल विसरून जायला लागल्या. टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली सांडायला लागलं की खालून ओरडणारी मी होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

आमचं घर कोरमंगलाच्या जुन्या भागात आहे. मी मूळची बेळगावकडची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे लग्न, तेव्हापासून इथे. सासरचे लोक कित्येक पिढ्या बेंगळुरात, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात मी, माझी थोरली नणंद गिरिजाक्का, मुलगा मंजू आणि सून अमृता. अमृता पुण्याची आहे, महादेवपुऱ्याच्या कंप्युटर कंपनीत जाते. हे लिहायला तिनेच बसवलं. म्हणाली, "आई, घशाच्या कॅन्सरबद्दल डॉक्टर लिहितात. टेबलावर झोपतो तो माणूस काही लिहीत नाही."

म्हणून लिहिते. औषधांची नावं विचारू नका, लक्षात नाहीत. धीर द्यायलाही लिहीत नाही. काय होतं तेवढं सांगते. आधी कळलेलं बरं असतं.

* * *

गिरिजाक्काने मिरी-मध दिला, ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं. तिचं म्हणणं, "ओरडून ओरडून गेला गे तुझा आवाज. देवाने दिलेला होता तेवढा वापरून टाकलास."

"तुमचा बरा शिल्लक आहे अक्का," मी म्हटलं. म्हणजे घशातून नुसती हवा गेली. तिने ती ओठांवरून वाचली आणि चिडली.

आवाज बसून दोन महिने होत आले तेव्हा अमृता मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं. मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे घशातला तुकडा काढून तपासायला दिला. त्यानंतर थांबायचं.

थांबणं हे या आजारातलं सगळ्यात मोठं काम आहे. ते कोणी शिकवत नाही. मी ते एका टीव्हीवरच्या मालिकेतून शिकले होते, म्हणून तिच्याबद्दल सांगावं लागेल.

* * *

जुनी मालिका आहे. नवरा होता तेव्हा लागायची. डोंगरावर एक मोठी हवेली, घरात नवी सून आलेली, आणि जिन्याच्या टोकाला एक बंद खोली. घरातली पहिली सून त्या खोलीत मेली असं सगळे म्हणतात. पण आत कोणीतरी चालतं. नवी सून हातात दिवा घेऊन जिना चढायला लागते. गोष्ट एवढीच.

पण ती जिना चढत नाही. म्हणजे चढते, पण तुमचं आयुष्य निघून जातं. एका पायरीवर पाय ठेवला की पडदा हलतो. पडदा हलला की तिचा चेहरा दाखवायचा. मग खाली उभ्या सासूचा, मग म्हाताऱ्या नोकराचा, मग पुन्हा तिचा. प्रत्येक चेहऱ्याला वीज कडाडायची. पाऊस मात्र कधी पडला नाही. नोकराला "सूनबाई, वर जाऊ नका" एवढं म्हणायला चार दिवस लागायचे, आणि पाचव्या दिवशी आधीचं सगळं पुन्हा दाखवून सुरुवात. मी उठून भाजी निवडायची, कुकर लावायची, शेजारणीशी भांडून यायची. येऊन बघावं तर ती त्याच पायरीवर.

नवरा म्हणायचा, "हिला दिवाळीपर्यंत तरी वर पोचवा रे." आणि घोरायला लागायचा.

तो गेला तेव्हा सून दाराशी पोचत आली होती. सुतक म्हणून टीव्ही बंद झाला. तेरा दिवसांनीही गिरिजाक्काने लावू दिला नाही. भावाचं दुःख तिला, तिला काय म्हणणार? पुढे कधीतरी टीव्ही लावला तेव्हा त्या वेळेला तिथे स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. मला वाटलं, आपण सुतकात असताना दार उघडलं. सगळ्या जगाने आत बघितलं, आपण तेवढ्या राहिलो. शेजारच्या बायका कानडी मालिका बघणाऱ्या, त्यांना विचारून उपयोग नव्हता.

तुकड्याचा रिपोर्ट यायचा होता त्या आठवड्यात अमृताने ती मालिका इंटरनेटवर शोधून टीव्हीवर लावून दिली. पहिल्या भागापासून. चित्र अंधुक, आवाज खरखरीत. मी बसले.

* * *

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मंजूशी इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी येत नाही, पण चेहरे वाचायला येतात. डॉक्टर बोलायचा थांबला. मग मंजूचा चेहरा. मग अमृताचा. मग पुन्हा मंजूचा. वीज कडाडायचीच काय ती राहिली होती.

मी टेबलावर हात आपटला आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यात कानडीत म्हटलं, "घसा माझा आहे. मला सांगा."

डॉक्टर तरुण होता, पण माणूस बरा. खुर्ची माझ्याकडे वळवून त्याने सांगितलं. आवाजाच्या तारेवर कॅन्सर आहे, अजून पसरलेला नाही. तंबाखू खाता का, विचारलं. नाही म्हटलं. त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं. मग म्हणाला, रोज किरणं द्यायची, काही आठवडे. शनिवार-रविवार सुट्टी.

"त्याने नाही गेला तर?"

"अम्मा, आधी हे करू या."

"नाही गेला तर?"

त्याने मंजूकडे बघितलं. मी पुन्हा टेबलावर हात आपटला. मग तो म्हणाला की तसं झालं तर स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला खाली भोक ठेवतात, श्वास तिथूनच घ्यायचा. जीव वाचतो. आवाज राहत नाही.

"किरणं लागली की नाही ते कधी कळणार?"

"संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी. आत सूज असते, तोवर नीट दिसत नाही."

आम्ही गाडीने घरी निघालो. सिग्नलला अमृता म्हणाली, "आई, बरेच लोक पूर्ण बरे होतात."

"बरेच म्हणजे सगळे नव्हेत," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला आयुष्यभर बोलूनच घर चालवायची सवय. दुधवाला, भाडेकरू, नवरा, मुलगा, सगळे आवाजावर चालवले. हाताने फार कामं केली नाहीत मी. आवाज गेला तर त्या घरात मी कोण, हा विचार मला तिथे सिग्नलला आला, आणि पुढचे सगळे महिने तोच होता. मरायची भीती मला त्यामानाने कमी वाटली.

* * *

पहिल्यांदा मुखवटा करतात. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जाळीदार प्लॅस्टिकचा तक्ता गरम पाण्यात मऊ करतात आणि ओल्या चादरीसारखा तोंडावर, गळ्यावर ओढतात. ऊब बरी वाटते. मग तो गार होऊन कडक होतो आणि तुमचं तोंड त्यात उतरतं. नाक, हनुवटी, ओठ, सगळं. रोज तो घालून, कडेने टेबलाला खिट्ट्यांनी अडकवून टाकतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. हलवून बघू नका. घाबरायला होतं.

किरणांची खोली तळघरात होती. तिथलं दार हातभर जाडीचं. ते कोणी ढकलत नाही. बटण दाबलं की आपलं आपण सरकतं, आणि इतकं हळू सरकतं की तुम्हाला विचार बदलायला वेळ मिळावा. सगळे बाहेर जातात. दार लागतं. मग तुम्ही एकटे, मुखवट्यात.

मशीनवर चंद्रिका नावाची मुलगी होती, आनेकलहून दोन बस बदलून यायची. खिट्ट्या लावताना म्हणायची, "अम्मा, अलुगाडबेडी. स्वल्प होत्तु." म्हणजे हलू नका, थोडाच वेळ.

पहिल्या दिवशी मला गिळता येईना. ओरडावं म्हटलं तर आवाज कुठला? आयुष्यात पहिल्यांदा मला आरडाओरड करायची खरीच गरज होती, आणि तेव्हाच तो नव्हता. चंद्रिकाने सांगून ठेवलं होतं की घाबरलात तर हात वर करा, बाहेर पडद्यावर दिसतं. मी हात वर केला. मशीन थांबलं, ते दार पुन्हा तितक्याच सावकाश सरकलं, आणि ती आत आली.

"काय झालं अम्मा?"

मी हाताने 'काही नाही' केलं. ती ओळखून होती. खिट्ट्या काढल्या, पाणी दिलं, पुन्हा लावल्या. रागावली नाही. तुम्हीही हात वर करा, लाज बाळगू नका.

गिरिजाक्काने सांगितलं होतं, आत रामरक्षा म्हण. म्हटली. माझी रामरक्षा भराभर संपते, चाळीस वर्षं तशीच म्हणत आले आहे. ती संपली आणि मशीन घोंघावतच होतं. मग नामजप केला, तोही धावायला लागला. भीतीत सगळं धावतं. आणि धावणारं संपलं की तुम्ही परत मुखवट्यात.

दुसऱ्या दिवशी मी त्या सुनेला जिन्यावर चढवली. डोळे मिटले आणि तिला पहिल्या पायरीवर उभी केली. दिवा हातात दिला. पदर नीट केला. पडदा हलवला. सासूचा चेहरा. नोकराचा चेहरा, त्याच्या मिशीचा एकेक केस. मग तिने पाय उचलला. अजून टेकला नव्हता, तेवढ्यात मशीन बंद झालं आणि ते जाड दार सरकायला लागलं.

तेव्हापासून रोज हेच. मालिका काढणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, पण त्यांनी ती चाल कुठून आणली असेल ते मला त्या टेबलावर कळलं. भीतीचा वेग तेवढाच असतो. दिवा विझत नाही, दार उघडत नाही, नुसतं पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा.

* * *

घरी मात्र त्या चालीवरून भांडण. अमृताला सगळं दुप्पट वेगाने बघायची सवय. एकदा माझ्याजवळ बसली, पाच मिनिटांत अस्वस्थ झाली आणि रिमोट घेतला.

"आई, टू एक्स लावू? स्टोरी तीच राहते, फक्त फास्ट होते."

तिने लावलं. सून जिन्यावर टणाटण चढायला लागली, भूत भाजी मंडईत निघाल्यासारखं चालायला लागलं, आणि नोकर चिमणीच्या आवाजात "वर जाऊ नका" म्हणाला. गिरिजाक्का पोट धरून हसली. मी रिमोट हिसकावून घेतला. तोवर माझा घसा भाजायला लागला होता, बोलणं बंदच होतं. मी जवळ स्टीलचा पेला आणि चमचा ठेवायची. एकदा वाजवला तर 'इकडे या', दोनदा तर 'नको', आणि सारखा वाजवला तर 'चालते व्हा'. त्या दिवशी सारखा वाजवला.

"सरी, सरी," अमृता म्हणाली. म्हणजे बरं, बरं. दुकानातली कानडी तिला एवढीच चिकटली आहे. "बघा तुमच्या स्पीडने. म्हातारी होईल ती जिन्यावर."

घसा भाजतो म्हणजे काय ते सांगते. गळ्याची कातडी उन्हात करपल्यासारखी काळी होते. थुंकी गिळणं म्हणजे काच गिळणं. चव जाते. मी तांदळाची पातळ गंजी पिऊन राहिले, तीही गार करून. मंजू वाटी घेऊन समोर बसायचा, पण माझ्या गळ्याकडे बघायचा नाही. वाटीकडे बघायचा. मला त्याचा राग यायचा. एकदा तो बाहेर गाडीत बसला होता, उतरत नव्हता, म्हणून मी खिडकीतून बघितलं. फोन कानाला लावून ऐकत होता. काच खाली होती, म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज माझा होता. कधीतरी मीच पाठवलेला निरोप. "येताना कोथिंबीर आण, मागच्यासारखी सुकलेली आणलीस तर तुलाच खायला लावीन." तो तेवढंच पुन्हा पुन्हा लावत होता.

मी खिडकीतून मागे सरले. आत आल्यावर त्याने दिलेली गंजी संपवली. दुसरं काय करणार?

* * *

किरणं संपली त्या दिवशी चंद्रिकाने विचारलं, "अम्मा, मास्क नेता का? काही जण नेतात." मला तो टाकून द्यावासा वाटेना. पिशवीत घालून आणला आणि कपाटावर ठेवला.

चार दिवसांनी मी दुपारी पडले होते. बाहेर कोणीतरी किंचाळलं. वरच्या पोरींपैकी एक होती. मी चप्पल घालून बाहेर आले आणि वर बघितलं.

आमच्या दरवाजाच्या वर, सज्जाच्या कडेला, माझं तोंड टांगलेलं होतं.

इकडे घर बांधताना राक्षसाचा मुखवटा टांगतात, मोठे डोळे, बाहेर काढलेली जीभ. दृष्टीगोंबे म्हणतात त्याला. येणाऱ्याजाणाऱ्याची वाईट नजर घराला लागू नये, त्या मुखवट्यालाच लागावी. गिरिजाक्काने माझ्या मुखवट्याचं ते करून टाकलं होतं. डोळ्यांच्या जागी काजळाचे गोळे, कपाळावर कुंकू, खाली लिंबू-मिरच्या. पांढरी जाळी वाऱ्यावर हलत होती. हनुवटी माझी, नाक माझं.

मी पेला विसरून आले होते. पायातली चप्पल काढून भिंतीवर आपटली.

"ओरडू नको गे, घशाला चांगलं नाही," गिरिजाक्का म्हणाली. "आधीच नजर लागली तुला. आता जे यायचं ते त्याच्यावर येऊ दे."

मंजू आला. "आत्या, हे काय केलंस? मेलेल्या माणसाचा फोटो लावल्यासारखं दिसतंय!"

"मेलेल्याचं कोण लावतं? जिवंत माणसाचंच चालतं. दुकानातल्या राक्षसाला कोण भितं आता? हिला सगळी गल्ली भिते."

हे खोटं नव्हतं. मंजूने शिडी आणली. तेव्हा गिरिजाक्काचा आवाज बदलला. "काढ. तुझ्या आईचा निकाल लागायच्या आत काढ, आणि मग जे होईल ते तुझ्या डोक्यावर."

मंजू शिकलेला आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे. तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबला. अमृताकडे बघितलं. अमृताने माझ्याकडे बघितलं. मी कोणाकडेच बघितलं नाही. तो खाली उतरला आणि शिडी ठेवून आला.

तेव्हापासून मी भाजीला जाताना ते तोंड वरून बघायचं आणि परत येताना बघायचं. उन्हात जाळीची सावली उंबऱ्यावर पडायची. दुपारी ती सरकत सरकत दाराच्या आत यायची, आणि मी पाय आखडून घ्यायची.

* * *

आता तीन महिने नुसते थांबायचे. मी ठरवलं, निकाल कळायच्या आत दार उघडलेलं बघायचं. नंतर काय अवस्था असेल कोणास ठाऊक. गळ्याला भोक पडल्यावर मालिका बघण्यात मन लागणार नाही. म्हणून रोज दोन-तीन भाग बघायला लागले.

आणि अमृता आडवी यायला लागली. "आई, आज नेट स्लो आहे." "आई, डोळ्यांना आराम द्या." "आई, मागचे भाग पुन्हा बघू या का, मला समजलेच नाहीत." एकदा संध्याकाळी मी पुढचा भाग लावायला लागले, तर तिने हळूच रिमोट काढून घेतला. "उद्या बघू ना. घाई काय आहे?"

घाई काय आहे, हे ती म्हणाली. दुप्पट वेगाने जगणारी पोरगी.

मी त्या रात्रीपासून तिच्याकडे लक्ष ठेवलं. मी बघितलं की ती फोन उलटा ठेवायची. मंजूशी इंग्रजीत हळू बोलायची. मंजूचा चेहरा, मग तिचा चेहरा. मी आयुष्यभर ही मालिका बघितली आहे, मला कळतं. घरातल्यांना काहीतरी कळलं आहे आणि माझ्यापासून लपवलं आहे. स्कॅनचे फोटो आधीच काढून झाले होते. डॉक्टरने त्यांना सांगून टाकलं असणार. उरलेलं थोडंच आहे, म्हणून ही मला सगळं सावकाश करायला लावते आहे.

ते दिवस मुखवट्यापेक्षा वाईट गेले. मुखवट्यात हात वर करता येत होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला स्वयंपाकघरात अडवलं. आवाज थोडा परत आला होता, पण कसला, ते मी कोणाला ऐकवलं नव्हतं. कुजबुजत म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाला ते सांग."

"कुठला डॉक्टर?"

"मला वेडी समजू नको. तू मला हळू चालवते आहेस. किती दिवस आहेत माझे?"

ती ओट्याला टेकली. मग तोंडावर हात घेतला. मला वाटलं, झालं.

"आई, डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. खरंच. ती मालिका..." तिचे डोळे भरले होते. "ती मालिका पूर्ण नाहीये. मध्येच बंद पडली होती. शेवटचा भाग आहे तो कसातरीच तुटतो. दार उघडतच नाही. मी व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचलं, सगळे शिव्या घालतायत. तुम्ही रोज टेबलावर तिला चढवता म्हणाला होतात. मला वाटलं, आता जर तुम्हाला कळलं की..."

"मंजूला माहीत होतं?"

"तोच म्हणाला, निकालापर्यंत ताणू या."

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की जगाने आत बघितलं. कोणीच बघितलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "लाव."

आम्ही दोघी बसलो. गिरिजाक्काही आली. शेवटच्या भागात सून दाराशी पोचली. दिवा खाली ठेवला. कडीला हात लावला. सासूचा चेहरा, नोकराचा चेहरा. कडी वाजली. दार बोटभर सरकलं, आत काळोख. आतून कोणीतरी बोलणार म्हणून श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं. आणि चित्र संपलं. टीव्हीवर दुसरीच कसलीतरी जाहिरात आली.

"एवढंच?" गिरिजाक्का म्हणाली. "यासाठी मी भावाच्या सुतकात टीव्ही बंद ठेवल्याचं पाप लावून घेतलं?"

* * *

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने नाकात औषध मारून नळी घातली. या वेळी पडदा माझ्याकडे वळवला होता. "अम्मा, बघायचंय तुम्हाला?" मी मान हलवू शकत नव्हते, हात वर केला.

आत लाल, ओलं, अंधारं होतं. नळी हळूहळू खाली गेली. एक वळण, मग दुसरं. मग शेवटाला दोन पांढऱ्या फळ्या दिसल्या. खरंच दाराच्या फळ्यांसारख्या, मधे फट, पलीकडे काळोख. मी श्वास घेतला की त्या उघडत होत्या.

"'ई' म्हणा."

मी म्हटलं. फळ्या मिटल्या आणि थरथरल्या.

डॉक्टरने नळी डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, एका जागी थांबवली. माझ्या मागे मंजू होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी मागे वळून कोणाचा चेहरा बघितला नाही. त्या फळ्यांकडेच बघत राहिले. पाय उचलला, पदर नीट केला, दिवा धरला.

"आज इथे काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाला. "स्कॅनही ठीक आहे. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

"गेला?" मंजूने विचारलं.

"आज तिथे काही नाही," डॉक्टर पुन्हा म्हणाला. त्याहून जास्त तो बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. तुमचा डॉक्टरही तेवढंच म्हणेल. तेवढं घेऊन घरी या.

* * *

गिरिजाक्का उंबऱ्यातच उभी होती. "काय गे?"

"आज नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"दोन महिन्यांनी पुन्हा दार उघडून बघणार."

तिला समजलं. म्हातारीला सगळं समजतं. शिडी भिंतीला लावून ठेवलेली होती. "मग उतरवायचं ना आता ते? की..."

मी वर बघितलं. उन्हाने जाळी पिवळी पडायला लागली होती, काजळ ओघळून गालावर आलं होतं. पण तोंड तेच. "राहू द्या अक्का," मी म्हटलं. "निकाल अजून लागलेला नाही."

तेवढ्यात गच्चीवरून पाण्याची धार खाली पडली. मोटर लावून पोरी विसरल्या होत्या. सवयीने मी मान वर केली, छाती भरून घेतली आणि ओरडले.

जो आवाज निघाला तो माझा नव्हता. जाडा, घोगरा, खाली खोल कुठेतरी लाकूड घासल्यासारखा. मंजू गाडीचं दार लावता लावता थांबला. त्या बंद खोलीतून जो आवाज यायचा राहून गेला होता, तो हाच असणार.

एक पोरगी कठड्यावरून वाकली. तिला आधी ते तोंड दिसलं, मग खाली मी. मोटर लगेच बंद झाली. वरचं पाणी मात्र आणखी थोडा वेळ ठिबकत राहिलं, माझ्या त्या तोंडातून खाली उंबऱ्यावर.